पहाटेचा गजर सगळ्यांना दिसतो, रात्रीची झोप कोण बघतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठमोठ्या खेळाडूंच्या सकाळच्या सवयींवर पेपरात, पुरवण्यांत आणि वॉट्सॲपवर तर रोजच काही ना काही येत असतं, अमका चारला उठतो, तमका साडेचारला, आणि ते वाचून आपल्या सोलापुरात दर जानेवारीत गड्डा यात्रा संपायच्या आत पार्क मैदानावर आणि स्मृती उद्यानात नव्या कोऱ्या बुटांची गर्दी होते. ऊन तापायला लागलं की ती गर्दी गायब. मला त्या लोकांची चेष्टा करायची नाहीये, उठून बाहेर पडतात हेच खूप आहे, पण आपण खेळाडूंकडून फक्त त्यांचं घड्याळ उचलतो आणि बाकीचं तिथंच सोडून येतो असं मला वाटतं म्हणून हे पत्र.

केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे, त्याचंच घ्या ना. २०१९ ला व्हिएन्नामध्ये हा माणूस ४२ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदात पळाला (ती वेळ अधिकृत विक्रमात धरली नाही, ते वेगळं) आणि २०२२ ला बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंद हा तेव्हाचा विश्वविक्रम केला. केनियात काप्तागातच्या कॅम्पमध्ये तो पहाटे उठून अंधारातच पळायला बाहेर पडतो हे सगळे सांगतात. पण तो रात्री नऊच्या सुमारास झोपतो आणि दुपारी परत आडवा होतो, हे कोण फॉरवर्ड करत नाही. आपल्याकडं नऊला काय चालू असतं? दुकानाचं शटर आत्ता कुठं खाली आलेलं असतं, जेवण दहा-साडेदहाला, मग पार्क चौपाटीला एक चक्कर, मग अंथरुणात मोबाईल. साडेबाराला झोपायचं आणि साडेचारचा गजर लावायचा, म्हणजे चार तासांची झोप, आणि मग दुपारी ऑफिसात पेंगत लोकांवर खेकसायचं. याला खेळाडूची सवय म्हणत नाहीत.

अमेरिकेत स्टॅनफर्डला बास्केटबॉलच्या पोरांवर एक अभ्यास झाला होता, २०११ ला छापून आला. त्यांना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. तर त्यांचा पळायचा वेग वाढला आणि फ्री थ्रोची (जागेवर उभं राहून बास्केटमध्ये टाकायच्या मोकळ्या फेकीची) अचूकता ९ टक्क्यांनी सुधारली. आपल्याला दहा तास कोण झोपू देणार, पण सात-साडेसात तर काढता येतील की. गजर लवकरचा लावायचा असेल तर आधी रात्रीचं जेवण लवकर करा, इतकं साधं आहे हे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते आणि ती फुकट आहे. बरेच धावपटू आणि सायकलवाले सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच आपली नाडी मोजतात. अंगठ्याच्या खालच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवायची, घड्याळाकडं बघत तीस सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. उठून बसायच्या आधी, चहाच्या आधी. दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिता त्याच चौकटीत तो आकडा लिहून टाका. दोन-तीन आठवड्यांत तुमचा नेहमीचा आकडा कळतो, आणि मग एखाद्या दिवशी तो पाच-सात ठोक्यांनी जास्त आला की समजायचं झोप कमी पडलीय, अंगात पाणी कमी आहे, नाहीतर ताप येऊ घातलाय. त्या दिवशी खेळाडू हलका व्यायाम करतात, आणि आपले लोक त्याच दिवशी "आज आळस घालवतोच" म्हणून डबल राऊंड मारतात! स्मार्टवॉच असेल तर चांगलंच, नसेल तर काही अडत नाही. किपचोगे सुद्धा आपला सराव वर्षानुवर्षं साध्या वहीत लिहीत आलाय.

पाण्याचं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, नळाला पाणी यायचा दिवस असला की निम्मं शहर तसंही पहाटे उठून बसतं. टेनिसवाला जोकोविच उठल्या उठल्या साधं पाणी पितो, बर्फाचं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा पंख्याखाली झोपून सुद्धा घामानं अंगातलं बरंच पाणी गेलेलं असतं. सकाळी लघवी गर्द पिवळी दिसली की पाणी कमी पडलंय, ही खुण खेळाडूंना पहिल्या वर्षीच शिकवतात. (किडनीचा त्रास असणाऱ्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरला विचारूनच ठरवा.)

आणि उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे पकडायची घाई नको. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून तर माणूस सकाळी एक-दीड सेंटीमीटर उंच भरतो, अशा वेळी झटक्यात वाकलं की कंबर धरते. केनियाची पोरं पहाटे इतकी हळू निघतात की सुरुवातीला आपण पण त्यांच्या बरोबर पळू. आपल्या तालमीत तरी काय वेगळं आहे, आधी फावड्यानं आखाड्याची माती उकरायची, तेल-ताक-हळद घातलेली ती लाल माती ओली आणि जड असते, उकरता उकरता खांदे, कंबर, मांड्या सगळं गरम होतं आणि मगच लढत. रंगभवनाजवळ गाडी लावून थेट स्प्रिंट मारणाऱ्या मित्रांनी यावर विचार करावा.

मोबाईलबद्दल एकच सांगतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी बॅडमिंटनचे कोच गोपीचंद सरांनी पी. व्ही. सिंधूचा फोन तीन महिने काढून घेतला होता आणि पोरगी रौप्यपदक घेऊन आली. आमच्या पूर्व भागात तेलुगू घरांत हा किस्सा आईबाप पोरांना अजून ऐकवतात, ऐकवताना फोन मात्र आईबापांच्याच हातात असतो.

नाश्त्याचा बाऊ मात्र करू नका. आपल्या कोल्हापूरकडचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला फायनलच्या सकाळी नुसता काळा चहा पिऊन उभा राहिला आणि ब्राँझ घेतलं. म्हणजे उपाशी राहा असं नाही, चालून आल्यावर घरचं चुरमुऱ्याचं सुशीला नाहीतर उप्पीट खा, पण तासभर चालून गाड्यावर दोन प्लेट पुरीभाजी हाणली तर चालण्याचा हिशोब तिथंच मिटतो.

रात्रपाळीला टॉवेलच्या कारखान्यात उभं राहणाऱ्यांनी तर पाचच्या गजराचे मेसेज सरळ डिलीट करावेत. तुमची सकाळ दुपारी बाराला होत असेल तर बाराला होऊ द्या, फक्त झोपायची-उठायची वेळ रोज एक ठेवा आणि खिडकीला जाड चादर लावा, चादरी तर आपल्याच गावच्या.

शेवटी पोरांचं. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचा आदेश काढला, कारण लहान पोरांची झोप पुरी होत नाही. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास आणि त्यापुढच्या पोरांना आठ ते दहा तास झोप लागते. आणि आपण त्याच पोराला रात्री नऊपर्यंत ट्यूशनला बसवून पहाटे साडेपाचला क्रिकेट कोचिंगला सोडतो, का तर म्हणे मोठे खेळाडू पहाटे उठतात.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे २०२२ ला भारताकडून टी-ट्वेंटी खेळली, जिल्ह्यात चांगले पैलवान आहेत, खो-खोवाले आहेत. त्यांच्या मुलाखती छापाल तेव्हा किती वाजता उठता हे विचाराच, पण त्याच्या खाली रात्री किती वाजता झोपता, दुपारी झोपता का आणि आठवड्यात सुट्टी कधी घेता हे पण छापा, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

आपला नियमित वाचक,
विजापूर रोड, सोलापूर