त्याला टीटीव-टीटीव म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या व्हिडिओ गेमचे आवाज आणि हेवी मेटल एकत्र करणाऱ्या अल्बमबद्दल तुमच्या पुरवणीत छोटा लेख आला होता तो वाचला आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं. दोन वाक्यांत निकाल, की गिटारच्या मागे टीटीव-टीटीव वाजवून लोकांच्या लहानपणीच्या आठवणी विकायचा प्रकार आहे. मी बरीच वर्षं हे संगीत ऐकतोय, स्वतः थोडीफार गिटार वाजवतो, म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

मुळात हे दोन आवाज एकमेकांना परके आहेत हेच मला पटत नाही. मी एकदा गिटारची एकच तार आधी साधी आणि मग डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणारं पेडल, लावून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली आणि झूम करून बघितली. साध्या आवाजाची लाट गोलसर, डोलणारी, आणि डिस्टॉर्शनवाली बघतो तर तिचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट, कारण पेडल आवाज इतका फुगवतं की एका उंचीच्या वर त्याला जागाच उरत नाही, मग तो तिथेच छाटला जातो. आणि जुन्या गेमच्या चिपमधली स्क्वेअर वेव्ह? ती जन्मतःच चौकोनी. म्हणजे गिटार जिथे धडपडून पोचते तिथे चिप आधीपासून राहतेय, सख्खी भावंडं आहेत ही.

आता त्या चिपबद्दल. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरमध्ये सिड नावाची चिप होती, बॉब यानेस या इंजिनिअरने डिझाइन केलेली, आणि तिच्यात एका वेळी फक्त ३ आवाज. तीनच! त्यात बेस, ड्रम, चाल सगळं बसवायचं. मग त्या काळचे संगीतकार काय करायचे, तर एकाच आवाजाला सेकंदाला ५० वेळा वेगळा सूर द्यायचे, इतक्या झपाट्याने की कानाला तीन सूर एकत्र वाजल्यासारखे वाटतात. ती जी थरथरणारी, खुळखुळणारी कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजणारे सूर) आपण ‘गेमचा आवाज’ म्हणून ओळखतो ती हीच, हौस म्हणून नाही तर जागा नाही म्हणून जन्मलेली.

आणि मेटलमध्ये ती इतकी चपखल का बसते ते सांगतो, मला हे कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून गेलं नव्हतं. जोरदार डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड वाजवली की नुसता चिखल होतो, म्हणून गिटारवाले सहसा सा आणि प एवढेच धरतात, त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार गायब. आणि गंधार नाही म्हणजे मेजर की मायनर, आनंदी की उदास, हेच कळत नाही. तो गंधार चिप आणून देते! गिटार भिंत उभी करते आणि तिला रंग कुठला ते चिप ठरवते. याला आठवणी विकणं कसं म्हणणार?

हे नवीनही नाही. स्वीडनमधल्या लूलेओ गावचा माकिने सुप्रिमसी हा बँड २००० पासून हेच करत आला, आपल्या संगीताला ते सिड मेटलच म्हणायचे. त्यांचा २००४ चा ‘डेउस एक्स माकिने’ ऐका. त्यांनी वापरलेला सिडस्टेशन नावाचा सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्य) स्वीडनच्याच एलेक्ट्रॉन कंपनीचा, आणि त्याच्या पोटात खरीखुरी सिड चिप, नक्कल नाही. अमेरिकेत हॉर्स द बँडने किंचाळणं आणि गेमसारखे कीबोर्ड एकत्र आणले, त्यांनी गमतीत वापरलेला निन्टेन्डोकोर हा शब्द पुढे अख्ख्या प्रकाराला चिकटला.

लेखकाची एक बाजू मला मान्य आहे. काही बँड तयार गाण्यावर नाणं मिळाल्याचा आवाज टाकतात आणि झालं म्हणतात, तो आवाज काढून टाकला तरी गाण्याचं काही बिघडत नाही, तिथे टीका व्हायलाच हवी. मिक्सिंगचाही प्रश्न असतो, गिटार आणि चिप दोघांनाही वरच्या पट्टीतली तीच जागा हवी असते, नीट वाटून दिली नाही तर पाच गाण्यांत कान थकतात. हे लेखात आलं असतं तर मी आनंदाने वाचलं असतं. पण सगळ्यांना एकाच सुपात पाखडून फेकून देणं बरोबर नाही हो, त्यात एकेका सुरावर रात्री जागवणारे लोक पण आहेत.

माझी विनंती एवढीच, लेखकाने तो अल्बम एकदा हेडफोन लावून ऐकावा. मेटलमध्ये गिटार सहसा डाव्या आणि उजव्या बाजूला ठेवलेल्या असतात, त्या तिथे वाजू द्याव्यात आणि लक्ष फक्त मधे काय चाललंय तिकडे द्यावं, निदान दोन गाणी. आणि मग परत लिहावं. तेव्हाही नाही आवडला तर माझी काही तक्रार नाही.

आपला,
एक नियमित वाचक