खुर्ची ओढून बसलेल्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुमचं नाव इथे घालत नाही. घातलेलं तुम्हाला आवडणार नाही, एवढं दीड वर्षात कळलंय. तुमच्यापर्यंत हे पोचलं तर पहिल्या दोन ओळींत ओळखाल: जीभ जड झालेली, बहात्तर वर्षांची, वही घेऊन येणारी बाई. मी तिचा मुलगा.

आई जाऊन नऊ आठवडे झाले. हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा तुमचे आभार बाजूलाच राहिले, पानभर दुसऱ्यांचाच उद्धार झाला. तेव्हा तो आधी उरकून टाकतो.

सुरुवात फोनवर झाली. बहिणीने मला विचारलं, "आई झोपेतून उठून बोलते का रे हल्ली?" शब्द घसरत होते, आवाज नाकात जात होता. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घासून दिली. घशाच्या डॉक्टरांनी घसा उत्तम असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांनी मेंदूचा स्कॅन काढला, त्यात "वयोमानानुसार बदल" निघाले आणि छोटा झटका येऊन गेला असेल म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. झटका एका क्षणी येतो, मग माणूस तिथेच थांबतो किंवा सावरतो. आईचं बोलणं महिन्यामहिन्याने, मुंगीच्या पावलांनी बिघडत होतं. हा फरक एकालाही खटकला नाही. पाणी पिताना ठसका? वयोमान. लाळ? वयोमान. म्हातारं माणूस आजारी पडलं की त्याचा आजार शोधायचा नसतो, फक्त वय मोजायचं असतं, असा काहीतरी नियम असावा. यात अकरा महिने गेले. पुढे तुमच्याकडून कळलं की एएलएसचं, म्हणजे एकेक स्नायू निकामी करत जाणाऱ्या या आजाराचं, निदान व्हायला वर्षभर लागणं ही जगभरची रड आहे. त्याने राग थोडा कमी झाला. थोडाच.

ज्यांनी शेवटी नाव शोधलं, त्यांच्या हुशारीबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी आईला जीभ तोंडातच सैल ठेवायला सांगितली, टॉर्च मारला आणि जिभेवर चाललेली ती बारीक वळवळ पाहून दोन मिनिटांत ओळखलं. सुया टोचून केलेल्या तपासणीने ते पक्कं झालं. पण सांगितलं कुठे, तर बाहेर, चालता चालता, मला. "एएलएस आहे. दोन ते पाच वर्षं. वय बघता कमीच धरा. आईंना सांगू नका, खचतील." आई सहा फुटांवरच्या बाकावर बसली होती. या आजारात कानाला काहीही होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. गाडीत बसल्यावर तिने पिशवीतून वही काढली आणि लिहिलं: "कमीच काय धरायचं?"

मी उत्तर दिलं नाही. गाडी सुरू केली.

तुमच्याकडे यायला आणखी तीन महिने गेले. मी सगळ्या फायली घेऊन तुमच्या टेबलासमोर बसलो आणि सवयीने सुरू झालो: "त्यांना पहिल्यांदा त्रास..." तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. उठलात. टेबलामागची ती अवजड खुर्ची फरशीवरून कर्रर्र आवाज करत ओढत आणलीत आणि आईच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवून बसलात. माझ्याकडे तुमची पाठ झाली. खरं सांगतो, मला राग आला. रजा काढून आलेला मी, फायली माझ्या मांडीवर, आणि मलाच पाठ.

मग तुम्ही आईला विचारलंत, "तुम्हाला काय काय जाणून घ्यायचंय?" आणि गप्प बसलात.

त्या गप्प बसण्याबद्दल हे पत्र आहे. आईला लिहायला वेळ लागायचा, कारण अक्षर खराब आलेलं तिला चालायचं नाही. खोडून पुन्हा लिहायची. आम्ही घरचे अर्ध्या वाक्यात तिच्या मनातलं ओळखून मोकळे व्हायचो, बहुतेक वेळा चुकीचं. बाहेरचे तर तिच्याशी ओरडून बोलायचे, जणू जीभ गेली म्हणजे कानही गेले. तुम्ही घड्याळ पाहिलं नाहीत, वहीत डोकावला नाहीत, मागे वळून माझ्याकडे ते सहानुभूतीचं हसू फेकलं नाहीत. तिने वही फिरवून तुमच्यासमोर धरली. मला दिसत नव्हतं, मला मान लांब करावी लागली.

"किती ते ऐकलं. कसं ते सांगा."

चौदा महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. आम्ही सगळे 'किती'च्या मागे होतो. मी रात्र रात्र फोनवर आकडे शोधत होतो. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण स्टीफन हॉकिंगचं नाव घेत होता. त्यांना १९६३ साली निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, हे खरंच. पण तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि त्यांच्यासारखा संथ आजार फार थोड्यांना होतो. सत्तरीत, आणि तोही जीभ-घशापासून सुरू झालेला आजार बहुधा वेगाने जातो. तुम्ही हे आईला तसंच सांगितलंत, साखर न लावता. दहातला एखादा दहा वर्षं काढतो, पण तुमच्या बाबतीत मी त्यावर भिस्त ठेवणार नाही, असं म्हणालात. आईने मान हलवली. हिशेबाच्या बाईला खोटी बेरीज आवडत नाही.

मग तुम्ही 'कसं' सांगितलंत. मेंदूतून निघून मणक्यातून स्नायूंपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून स्नायू आधी अडखळतात, मग वाळतात. एका जागी सुरू झालं की बहुधा शेजारच्या भागात सरकतं, त्यामुळे आता हात, मान, पाय, पण अमुक महिन्यात अमुक असं वेळापत्रक नसतं. काय जाणार नाही, तेही तितकंच सविस्तर सांगितलंत. स्पर्श कळेल. दिसेल, ऐकू येईल. लघवी-संडासवरचा ताबा सहसा राहतो. डोळ्यांची हालचाल बहुतेकांना फार उशिरापर्यंत साथ देते. काहींच्या विचारांवर, स्वभावावर परिणाम होतो, म्हणून त्याचीही अधूनमधून तपासणी करू, म्हणालात. आणि श्वास: फुप्फुसं चांगली असतात, ती ओढणारे स्नायू थकतात. सकाळी डोकं दुखायला लागलं, आडवं झोपवेना, दिवसा पेंग यायला लागली, की मला लगेच कळवा.

आईने फक्त एक शब्द लिहिला: "गुदमरून?"

माझ्या मांडीवरच्या फायली खाली पडल्या. तुम्ही वळला नाहीत. तिला म्हणालात, लोक समजतात तसं ते बहुतेकांच्या बाबतीत होत नाही. श्वास उथळ होत जातो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, झोप वाढते, आणि बहुतेक माणसं त्या झोपेतच जातात. धाप लागलीच तर मॉर्फिनच्या छोट्या मात्रेने ती भीती खाली आणता येते, ते मी आधीच लिहून ठेवीन. आई थोडा वेळ तुमच्याकडे बघत राहिली. मग "बरं" लिहून तिने पेनाला टोपण लावलं. त्या रात्री ती सलग झोपली. 'सांगू नका, खचतील' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

'किती'चंही तुम्ही टाळलं नाहीत, फक्त ते तिच्या हातात दिलंत. बोलणं, गिळणं, लिहिणं, चालणं, श्वास अशा बारा प्रश्नांचा तो तक्ता, प्रत्येकाला चार गुण, एकूण अठ्ठेचाळीस. आईचे छत्तीस आले. चौदा महिन्यांत बारा गेले, म्हणजे महिन्याला एकाला थोडं कमी. ही वजाबाकी तिनेच वहीत करून तुम्हाला दाखवली. तुम्ही म्हणालात, आत्तापर्यंतचा वेग हाच पुढच्या वेगाचा त्यातल्या त्यात बरा अंदाज, आणि तुमचा ना फार संथ, ना फार जोराचा. त्यानंतर दर महिन्याला ती स्वतः तक्ता भरायची. मला ते सुरुवातीला भयंकर वाटायचं. तिला मात्र आपला हिशेब आपल्याकडे असल्याचं समाधान होतं. वजनही लिहायची, कारण वजन उतरलं की आजार वेग घेतो हे तिने तुमच्याकडूनच ऐकलं होतं.

बाकीच्या गोष्टी इथे लिहीत बसत नाही. गोळीबद्दल मात्र लिहायला हवं. रिल्युझोल देताना तुम्ही म्हणालात, याने आजार थांबणार नाही, चाचण्यांत सरासरी दोन-तीन महिने वाढलेले दिसले, नको वाटली तर बंद करा, मी रागावणार नाही. याआधीच्या प्रत्येकाने आपापल्या गोळीची तारीफच केली होती.

आणि ते हसू. तुम्हाला आठवत असेल. आईला मध्येच हसू फुटायचं आणि थांबायचं नाही. एका जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी आली तेव्हाही फुटलं, आणि मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्यासमोर तेच झालं, तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवून शांत बसलात, ती थांबेपर्यंत. मग म्हणालात, हे तुमचं हसू नाही, हसण्या-रडण्याचा लगाम सुटलाय, मन त्यात नाही, आणि यावर औषध आहे. आईने माझ्याकडे बोट दाखवलं: याला सांगा.

मी फार विचार केला की तुम्ही वेगळं काय केलंत. वेळ दिलात? दुसरीकडेही आम्ही तासन् तास बसलो होतो. ज्ञान? ते त्यांच्याकडेही होतंच. या आजाराचं वर्णन फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६९ साली केलं आणि अजून त्यावर बरा करणारा उपाय नाही. उपाय हातात नसलेल्या डॉक्टरने रोग्याच्या समोर बसायचं की त्याच्या मुलाला बाजूला घ्यायचं, एवढंच उरतं. भली माणसं काही मोठं करत नाहीत हो. ज्याचं दुखणं आहे त्याच्याकडे तोंड करतात. लिफ्टचं दार आमच्यासाठी पायाने अडवून धरणारा तुमच्याकडचा तो पोऱ्याही त्यातलाच, त्यालाही हे वाचून दाखवा.

अन्नासाठी पोटात नळी घालायचं तिने ठरवलं, श्वासाची ताकद चांगली असतानाच, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. गळ्याला छिद्र पाडून कायमचं मशीन नको, हेही तिनेच लिहून सही केली. रात्री श्वासाला मदत करणारा मास्क तिला कधी पटला नाही; लाळेमुळे जमायचा नाही, तरी जमेल तेवढे तास लावायची. हात गेल्यावर आम्ही पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली आणि ती डोळ्यांनी आधी ओळ, मग अक्षर दाखवायची. घाई केली की डोळे मिटून घ्यायची. आम्ही तुमच्याकडून गप्प बसायला शिकलो, पण वेळ लागला.

पहिल्या अडखळण्यापासून दोन वर्षं सात महिने. शेवटचे चार दिवस झोप वाढत गेली, तुम्ही सांगितलं होतं तशीच. मॉर्फिनची बाटली दोनदाच उघडावी लागली. पहाटे बहिणीने हाक मारली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो आणि मला कळलंही नव्हतं. यासाठी तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला येत नाही. आम्ही घाबरलो नाही, एवढं लिहितो.

परवा वह्या आवरल्या. अकरा निघाल्या. तिसऱ्या वहीत तुमच्याकडच्या दुसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशीचं पान आहे, प्रश्नांची यादी. एक, मुलांना होईल का? (त्यावर तुम्ही म्हणाला होतात, दहातल्या नऊ जणांच्या घरात आधी कुणालाच नसतो. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो, पण जीव माझा टांगला होता.) दोन, हसू. तीन, नळी कधी. चार, मशीन. मी ते एकेक वाचून दाखवत होतो आणि चौथ्याच्या चर्चेत वेळ संपला, पाचवं वाचलंच नाही. पान उलटून तसंच राहिलं. ते असं आहे:

"पाच. खुर्ची फार जड आहे. बाईंची पाठ दुखेल. पुढच्या वेळी हा उचलून देईल."