सुभेदार साहेब, कंपनी चालवायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय सुभेदार साहेब,

सादर नमस्कार. तुम्ही पेन्शनवर गेलात तेव्हा मी पलटणीत नव्हतो, दूरच्या पोस्टिंगवर होतो. त्या दिवशी दरबारात उभं राहून जे बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. आता मीही वर्दी उतरवली आहे. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करणारी मुलं-मुली अधूनमधून भेटायला येतात. लेखी परीक्षेबद्दल विचारतात, एसएसबीच्या, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळाच्या, पाच दिवसांच्या चाचणीबद्दल विचारतात. नेतृत्व कुठे शिकलात, असा प्रश्न आला की मी खडकवासल्याचं नाव घेतो, डेहराडूनचं घेतो आणि मग बराच वेळ तुमच्याबद्दल बोलत राहतो. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. त्यांनीही ते वाचावं.

प्रबोधिनीचं ऋण मोठं आहे, ते आधी सांगतो. खडकवासल्याच्या तीन वर्षांत सहा टर्म असतात आणि पहिल्या टर्मचा कॅडेट फक्त हुकूम पाळायला शिकतो. उस्तादांचा, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्यांचा, आवाज आला की पाय हलले पाहिजेत, एवढंच. मग हळूहळू जबाबदारी हाती येते: आधी स्वतःच्या सामानाची, मग एखाद्या ज्युनियरची, आणि शेवटच्या टर्मला कॅडेट कॅप्टन झालात तर अख्ख्या स्क्वाड्रनची. कॅम्प रोव्हर्स या प्रशिक्षण शिबिरातल्या जोश रन नावाच्या दौडीत कोणी मागे पडू लागला की शेजारचा त्याची रायफल घेतो, दुसरा त्याचा हात धरतो. हे कोणी वर्गात शिकवत नाही. तिथल्या परेड ग्राउंडला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं नाव आहे. जून 1971 मध्ये कमिशन मिळालं आणि 16 डिसेंबरला पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात बसंतरच्या लढाईत ते शहीद झाले, वयाच्या एकविसाव्या वर्षी. जबाबदारी किती लवकर अंगावर येऊ शकते, हे त्या मैदानावर रोज ड्रिल करताना आपोआप मनात मुरतं.

पुढे डेहराडूनला भारतीय सैन्य अकादमीत चेटवुड हॉलमधले शब्द पाठ झाले. 1932 मध्ये अकादमीचं उद्घाटन करताना तेव्हाचे सरसेनापती फिलिप चेटवुड यांनी ते उच्चारले होते: देशाची सुरक्षा, सन्मान आणि कल्याण सर्वांत आधी, त्यानंतर तुमच्या हाताखालच्या जवानांचा सन्मान, कल्याण आणि सुख, आणि तुमचं स्वतःचं सुख आणि सुरक्षा सर्वांत शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. कॅडेट ते शब्द झोपेतही म्हणू शकतो. पण मंगळवारी सकाळी कंपनीत ते कसे दिसतात, हे तुमच्याकडे आल्यावर कळलं.

मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या त्या पलटणीत मी आलो तेव्हा माझ्या खांद्यावर दोन स्टार होते आणि तुमच्या पाठीशी दोन दशकांची नोकरी. कंपनीत सव्वाशेच्या आसपास जवान. मेजर साहेब रजेवर गेले की कंपनी माझ्याकडे यायची आणि सिनियर जेसीओ (जवानांमधून बढती मिळालेला ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) म्हणून तुम्ही माझ्या शेजारी. वयाने, अनुभवाने, सगळ्यानेच तुम्ही मोठे, आणि तरी हुकूम माझा. ही विचित्र रचना आपल्या सैन्याने मुद्दाम ठेवली आहे आणि ती चालते ती तुमच्यासारख्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

तुमची पद्धत मी पुढे आयुष्यभर वापरली. निर्णय घेण्याआधी तुम्ही माझ्या तंबूत यायचात, दाराचं कापड खाली सोडायचात आणि मनातलं सगळं स्पष्ट सांगायचात. पटलं नाही तर "साहेब, हे मला पटत नाही" असं थेट म्हणायचात आणि का ते समजावून द्यायचात. मी ऐकायचो, विचारायचो, कधी तुमचं मानायचो, कधी माझंच ठेवायचो. आणि मग तुम्ही बाहेर जाऊन कंपनीला फॉल-इन करून तो हुकूम असा सांगायचात की जणू तो तुमच्याच डोक्यातून निघाला आहे. तुमचं माझं काही वेगळं मत होतं, हे एकाही जवानाला कधी कळलं नाही. वरिष्ठाला खरं सांगण्याचं धैर्य आणि निर्णय झाल्यावर तो स्वतःचा मानण्याची निष्ठा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात बघायला मिळणं दुर्मीळ आहे. मी पलटण कमांड करत होतो तेव्हा माझ्या कंपनी कमांडरांकडून मी हेच मागत राहिलो.

उंचावरच्या पोस्टवर चढायच्या आधीचे दिवस तर मी रोज कोणाला ना कोणाला सांगतो. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला ठरलेले टप्पे असतात: नऊ हजार फुटांपासून बारा हजारांपर्यंत सहा दिवस, मग पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. पोरं तरुण होती, दुसऱ्या टप्प्यावर सगळ्यांना ठणठणीत वाटत होतं आणि लवकर वर जायची घाई झाली होती. तुम्ही म्हणालात, "चार दिवस म्हणजे चार दिवस. साडेतीन नाही." आणि त्या चार दिवसांत तुम्ही प्रत्येकाचं ताट बघत होतात. एका शिपायाने चहा अर्धा टाकला, जेवण नुसतं चिवडलं, तेवढ्यावरून तुम्ही ओळखलंत की याचं डोकं दुखतंय आणि सोबत्यांबरोबर वर जाता यावं म्हणून तो लपवतोय. तुम्ही त्याला त्याच तासाला डॉक्टरकडे नेलंत, आणि डॉक्टरांनी त्याला लगेच खाली पाठवलं. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की त्या उंचीवर रात्र काढणं जिवावर बेततं. तो पोरगा आज नातवंडांचे फोटो पाठवतो.

वर पोहोचल्यावर रोज संध्याकाळी पायांची तपासणी. तुम्ही टॉर्च धरायचात आणि मला खाली बसवून प्रत्येकाची बोटं बघायला लावायचात. मोजे कोरडे आहेत का, बोटांचा रंग बदललाय का, बधिरपणा आहे का. ऑफिसर आपल्या पायाला हात लावून बघतो, ही गोष्ट जवान विसरत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. चेटवुड हॉलमधल्या वाक्याचा अर्थ मला त्या बंकरमध्ये, रॉकेलच्या वासात, लोकरी मोजे उलटे करून बघताना लागला.

रजेचं रजिस्टरही तुम्हीच मला वाचायला शिकवलंत. कोणाची पेरणी आहे, कोणाच्या बहिणीचं लग्न आहे, कोण रजा मागत नाही आणि का मागत नाही. जमिनीच्या वादात अडकलेल्या एका नाईकासाठी जिल्हाधिकाऱ्यांना अर्धशासकीय पत्र लिहायचं तुम्ही सुचवलंत, सातबाऱ्याचा गट नंबरसुद्धा तुम्ही आणून दिलात. घरचा घोर डोक्यात असलेला माणूस संत्री ड्युटीवर अर्धाच हजर असतो, हे अकादमीच्या कुठल्या धड्यात होतं ते मला आठवत नाही.

आणि तो लान्स नाईक. वाचणारा, अबोल, कोणाच्या नजरेत न भरणारा. तुम्ही त्याला हेरलंत. जवानांमधून ऑफिसर घडवणाऱ्या आर्मी कॅडेट कॉलेजच्या परीक्षेला बसवायचं म्हणून तुम्ही त्याच्या ड्युट्या अशा लावल्यात की अभ्यासाला दुपार मोकळी राहावी, पण बाकीच्यांवर भार पडू नये, आणि त्याला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे दिलंत. एसएसबीहून तो निवडला जाऊन आला, तेव्हा लंगरमध्ये तुम्ही स्वतः त्याला वाढलंत. डेहराडूनला तीन वर्षं कॅडेट कॉलेज, मग एक वर्ष आयएमए, म्हणजे तीच सैन्य अकादमी. चार वर्षांनी तो खांद्यावर स्टार लावून पलटणीत भेटायला आला आणि तुम्ही कडक सॅल्यूट ठोकलात. त्याला काय करावं ते सुचेना. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांच्यासमोर तो ताठ उभा राहत होता, ते त्याला सॅल्यूट करत होते. तुम्ही मात्र अगदी शांत होतात, तो त्याचा हक्क होता म्हणून.

साहेब, ऑफिसर घडवणाऱ्या संस्थांचं कौतुक खूप होतं आणि ते व्हायलाच हवं. पण नव्या लेफ्टनंटला पहिल्या दोन वर्षांत घडवतो तो त्याचा जेसीओ, आणि त्याचं नाव कुठल्याच सन्मानफलकावर येत नाही. माझ्या कारकिर्दीबद्दल लोक जे चांगलं बोलतात, त्यातलं बरंचसं तुमचं आहे. मनापासून आभार.

पलटणीच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापनादिनाला, यंदा मी जाणार आहे. तुमचा तो लान्स नाईक आता कर्नल आहे, तोही येतोय. तुम्हाला न्यायला गाडी घेऊन मी स्वतः येतो. वहिनींनाही सोबत घ्या, नाही म्हणू नका.

तुमचा,
कंपनीतला जुना लेफ्टनंट