दीड तासाच्या विमानाच्या रिफंडला सहा तासांच्या उशिराची अट कशाला? विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

नागपूर ते मुंबई सरळ रेषेत जेमतेम 680 किलोमीटर, विमानाला दीड तास. दुरांतोने गेलो तर अख्खी रात्र, आणि समृद्धीने 701 किलोमीटर, म्हणजे भिवंडीपर्यंतच आठ तास. आमच्याकडे मुंबईहून अडीअडचणीचा फोन आला की पहिला हिशोब हाच होतो.

मागच्या डिसेंबरात मुलुंडला माझी मोठी आत्या वारली, फोन रात्री साडेअकराला आला. बाबा 74 वर्षांचे, त्यांना गाडीत एवढा वेळ बसवत नाही म्हणून सकाळी सातचं विमान घेतलं, तिकिटाचा आकडा बघितलाच नाही. तिकडे सगळे म्हणाले दादा येऊ दे मग नेऊ, स्मशानात अकराची वेळ घेतली. साडेसहाला गेटवर मेसेज, पाऊण तास लेट. मग परत पाऊण तास, मग एक तास, मग अजून, आणि दरवेळी वाटायचं आता निघेलच. दोन तासांनी सँडविच आणि ज्यूसचा डबा दिला, बाबांनी तो मांडीवर तसाच धरून ठेवला, उघडलाच नाही. साडेदहाला मीच आतेभावाला फोन करून सांगितलं की थांबू नका. विमान उडालं बारा दहाला.

नंतर पैसे परत मागितले तर काउंटरवरच्या मुलीने नियम दाखवला, आणि ती बरोबरच होती. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियमच असा आहे की दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड हे सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तरच, आमचे पाच तास दहा मिनिटंच झाले होते ना!

साहेब, त्याच नियमात खाण्यापिण्यासाठी मात्र प्रवास किती तासांचा ते बघितलंय, अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास उशीर झाला की नाश्ता, लांबच्याला तीन नाहीतर चार तासांनी. मग रिफंडला सगळ्यांना सरसकट सहा तास का? सहा तासांत समृद्धीवरची गाडी शिर्डीच्या पुढे गेलेली असते. दोन तासांच्या आतल्या विमानाला ही अट दोन तासांवर आणा.

आणि दुसरं, माझ्यासाठी हेच मोठं, उशीर असा हप्त्याहप्त्याने सांगणं बंद करायला लावा, जो काय अंदाज असेल तो पहिल्याच मेसेजला द्या. बारा वाजतील हे साडेसहाला कळलं असतं तर स्मशानातली वेळ दुपारची घेतली असती, बाबांना बहिणीचं तोंड बघायला मिळालं असतं. हिवाळी अधिवेशनाला ये-जा करणारे मंत्री-आमदारही याच विमानांत बसतात, त्यांनाही विचारून बघा.

पुढच्या महिन्यात आत्याचं वर्षश्राद्ध आहे. बाबा विमान नकोच म्हणाले, दुरांतोची दोन तिकिटं काढलीयत.

आपला,
एक नागपूरकर