जुन्या ग्राहकाचा कोटा जुनाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत वेब होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या जागेच्या, प्लॅनची तुलना करणारा तक्ता छापून आला होता. किती जीबी जागा, किती ईमेल खाती, बॅकअप रोजचा की आठवड्याचा, सगळे नीट मांडले होते. नव्याने वेबसाइट काढणाऱ्याला तो नक्कीच उपयोगी पडेल. मी मात्र एका ओळीवर अडकले. आमच्याच प्लॅनच्या नावापुढे ३० जीबी छापले होते. नाव तेच आणि आम्ही भरतो तीच वर्षाची वर्गणी. आमच्या खात्यावर मात्र १० जीबी आहेत, आणि ते गेल्या वर्षीच भरले.

आम्ही सहा जण दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतो. ज्यांचे हक्क संपले आहेत किंवा ज्यांच्या लेखकांनी लेखी परवानगी दिली आहे, अशीच पुस्तके घेतो. ऑडिओ फाइली ठेवायला होस्टिंग कंपनीच्या नियमांत आडकाठी नाही ना, हेही सुरुवातीलाच विचारून घेतले होते. ६४ केबीपीएसला (म्हणजे दर सेकंदाला ६४ किलोबिट या बिटरेटला) एक तासाच्या वाचनाची फाइल सुमारे २९ एमबी होते. म्हणजे १० जीबीत साडेतीनशे तासांच्या आतबाहेर वाचन मावते, आणि त्यातच ईमेलही मोजले जातात. छत्तिसावे पुस्तक चढवताना शेवटच्या प्रकरणाची फाइल शून्य बाइटवर थांबली. कंट्रोल पॅनलवर जागेची पट्टी लाल झाली होती. त्याच रात्रीपासून आम्हाला येणारे ईमेलही परत जाऊ लागले, कारण शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती असतात तिथे, बहुतेकदा फाइली आणि टपाल एकाच कोट्यातून जागा घेतात. हे आम्हाला दोन दिवसांनी कळले, तेही एका वाचकाने फोन केला म्हणून.

वरचा प्लॅन आमच्या आवाक्याबाहेर होता. मग आम्ही आधीच्या बावीस पुस्तकांच्या फाइली ३२ केबीपीएसवर आणल्या. जवळजवळ ३ जीबी मोकळे झाले. पण इतक्या कमी बिटरेटला वरच्या पट्टीतले ध्वनी छाटले जातात, आणि 'स', 'श' यांची ओळख त्या पट्टीतच असते. आमचे एक नेहमीचे श्रोते आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांनी मला सांगितले, "ताई, आता शाल की साल हे मला मागचंपुढचं वाक्य जुळवून ओळखावं लागतं. आधी असं नव्हतं." त्या बावीसपैकी काही पुस्तकांच्या मूळ फाइली आमच्या संगणकांवर शिल्लक होत्या. सात पुस्तकांच्या नव्हत्या. ज्यांनी ती वाचली त्यांच्यातल्या एक आता वाचन करू शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या आवाजातले पुस्तक पूर्वीसारखे पुन्हा मिळणार नाही.

तक्ता वाचल्यावर मी कंपनीला तिकीट टाकून, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन मदत-यंत्रणेत प्रश्न नोंदवून, विचारले. उत्तर आले की वाढीव जागा 'केवळ नव्या ऑर्डरसाठी' आहे. जुने ग्राहक त्यांनी घेतला त्याच प्लॅनवर राहतात. हवे असल्यास सध्याचे खाते बंद करून नव्याने खरेदी करावी. ही वाढ लागू होऊन दीड वर्ष झाले होते, हेही त्याच उत्तरातून कळले. म्हणजे आम्ही फाइली कापत बसलो होतो तेव्हा त्याच प्लॅनवर ३० जीबी मिळत होते, फक्त आम्हाला कोणी सांगितले नाही.

या कोट्याबद्दल थोडे सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटते की आपल्या नावाची एक वेगळी डिस्क कुठेतरी ठेवलेली असते. शेअर्ड होस्टिंगमध्ये तसे काही नसते. एका सर्व्हरवर शेकडो खाती असतात आणि प्रत्येक खात्यापुढे एक आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्यापलीकडे गेलात की फाइल लिहिली जात नाही. तो वाढवायला कोणाला सर्व्हर उघडावा लागत नाही. पॅनलमधल्या पॅकेजमध्ये १० च्या जागी ३० लिहून ते पॅकेज खात्यांना लावले की झाले. त्यातही बहुतेक खाती दिलेल्या जागेचा छोटासा भागच वापरतात, आणि हे गृहीत धरूनच कंपन्या प्रत्यक्ष असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा विकतात. म्हणून सगळ्या जुन्या ग्राहकांचा आकडा तिप्पट केला, तरी डिस्कवरचा डेटा दुसऱ्या दिवशी तिप्पट होत नाही. ज्यांची पट्टी लाल झाली आहे त्यांनाच श्वास घ्यायला जागा मिळते.

आणि ही वाढ आली कुठून? डिस्क मोठ्या आणि स्वस्त झाल्या, तिथून. १ टेराबाइटची पहिली हार्ड डिस्क २००७ मध्ये बाजारात आली. आज तेवढ्याच आकाराच्या डिस्कमध्ये २० टेराबाइटपेक्षा जास्त मावते. हा फायदा कंपनीला जुन्या-नव्या सगळ्या ग्राहकांच्या बाबतीत होतो. मग तो वाटताना फक्त नवे ग्राहकच का आठवावेत?

असे करता येत नाही, असेही नाही. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ जीबी जागा घेऊन आले, तेव्हा हॉटमेलवर २ एमबी आणि याहूवर ४ एमबी मिळत होते. त्या धक्क्याने याहूने काही महिन्यांतच मोफत खात्यांची मर्यादा १०० एमबी केली, आणि तिचा लाभ जुन्या टपालपेट्यांनाही मिळाला. जीमेलने पुढच्याच वर्षी १ एप्रिलला मर्यादा २ जीबीवर नेली, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच्या लोकांना 'खाते बंद करून नव्याने उघडा' असे कोणी सांगितले नाही. साठवणुकीची जागा भाड्याने देणारी ॲमेझॉनची एस-थ्री सेवा २००६ मध्ये सुरू झाली. तिचा मूळ दर नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सहाव्या हिश्श्याच्याही खाली आला, आणि प्रत्येक कपात जुन्या ग्राहकाच्या बिलात आपोआप उतरत गेली. अर्ज, तिकीट काही लागले नाही.

खुद्द होस्टिंगच्या धंद्यातलेही उदाहरण आहे. साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी एकेकाळी वेगळे पैसे मोजावे लागत. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा मोफत प्रमाणपत्रे देऊ लागली, २०१६ मध्ये सीपॅनलमध्ये, म्हणजे अनेक होस्टिंग कंपन्या वापरतात त्या कंट्रोल पॅनलमध्ये, ती आपोआप बसवायची सोय आली, आणि जुलै २०१८ पासून क्रोम असे प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक साध्या एचटीटीपी साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारू लागले. तेव्हा अनेक कंपन्यांनी जुन्या खात्यांवरही ही सोय सुरू करून दिली. आमच्या साइटवर एका सकाळी कुलपाचे चिन्ह दिसले, तेव्हा मला फार बरे वाटले होते. आपण जुने असलो तरी कोणाच्या तरी लक्षात आहोत, असे वाटले.

कंपन्यांच्याही अडचणी आहेत, त्या मला ठाऊक आहेत. २०१९ मध्ये सीपॅनलने परवान्याची आकारणी खात्यांच्या संख्येवर नेली आणि लहान होस्टिंगवाल्यांचा खर्च एकदम वाढला. काही जुने सर्व्हर खरोखरच भरलेले असतात. तिथे पॅनलमधला आकडा वाढवला तरी खाली डिस्कच नसते, आणि खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवावे लागते. ते काम जोखमीचे आहे. आयपी, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, बदलतो, डीएनएसमधली (साइटचे नाव आणि पत्ता जोडणाऱ्या नोंदवहीतली) नवी नोंद सगळीकडे पोहोचेपर्यंत काही लोकांना जुनी साइट दिसते तर काहींना नवी, आणि नव्या सर्व्हरवर पीएचपीची (साइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिची) आवृत्ती पुढची असेल तर वर्षानुवर्षे चाललेली साइट बंद पडून नुसते कोरे पांढरे पान दिसू शकते. पीएचपी ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे ३१ डिसेंबर २०१८ ला संपले, तरी त्यावर लिहिलेल्या साइट त्यानंतरही कितीतरी ठिकाणी चालू होत्या. अशा माणसाची साइट न विचारता रातोरात हलवावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याला आधी कळवावे, तारीख विचारावी, हलवण्याचे काम कंपनीने फुकट करून द्यावे. पण हा अपवाद झाला. ज्यांच्या सर्व्हरवर जागा आहे, त्यांचा आकडा बदलायला यातली कोणतीच अडचण येत नाही.

'तुम्ही जे विकत घेतले ते तुम्हाला मिळाले,' हे उत्तर मला सर्वांत जास्त लागले. कायद्याने ते बरोबर असेल. पण करार इतका अढळ असेल तर तो दोन्ही बाजूंनी अढळ हवा. आमच्याच करारात 'अटींमध्ये केव्हाही बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे' असे वाक्य आहे, आणि ते वापरले गेले आहे. रिन्यूअलचा दर वाढला तेव्हा तो आम्हाला लागू झाला. खात्यावर किती फाइली असाव्यात याची आयनोडची मर्यादा नंतर आली, तीही आम्हाला लागू झाली. तेव्हा कोणी म्हटले नाही की हे केवळ नव्या ऑर्डरसाठी आहे. वाढलेला दर आणि घटलेली मर्यादा जुन्या ग्राहकाच्या दारात न बोलावता येते, आणि वाढलेली जागा मात्र त्याने खाते मोडून नव्याने मागायची, हे मला पटत नाही.

खाते मोडून पुन्हा घेणे म्हणजे काय, हे एकदा कोणीतरी करून पाहावे. सगळ्या फाइली उतरवायच्या, पुन्हा चढवायच्या, डेटाबेस हलवायचा, प्रत्येक ईमेल खाते नव्याने बनवून त्यातले जुने टपाल सोबत न्यायचे, आणि आधीच्या वर्गणीचे उरलेले महिने सोडून द्यायचे. जाणकाराला शनिवार-रविवार पुरतील. आमच्यासारख्यांना एखाद्या ओळखीच्या मुलाची सुट्टी उजाडायची वाट पाहावी लागते. कंपनीत दोन मिनिटांत होणारे काम ग्राहकाच्या दोन दिवसांवर ढकलले जाते, आणि ज्यांना हे जमत नाही तेच नेमके वर्षानुवर्षे निमूट वर्गणी भरत राहतात.

नव्या ग्राहकाला पहिल्या वर्षी सवलत द्यावी, त्याला माझा काही आक्षेप नाही. दुकानाची पाटी दिसावी म्हणून ते करावे लागते आणि सवलत संपल्यावर तोही पूर्ण दर भरतो. पण आज पूर्ण दर भरणाऱ्या दोघांना एकाच नावाखाली वेगवेगळी जागा मिळते, याला सवलत म्हणता येणार नाही. प्लॅनचे नाव आणि दर तेच असतील, तर वाढीव जागा जुन्या ग्राहकाला निदान पुढच्या रिन्यूअलच्या दिवशी, न मागता मिळाली पाहिजे. आणि ज्या दिवशी वाढ जाहीर होते, त्या दिवशी त्याला एक ईमेल यायला हवा. तो एक ईमेल आला असता तर आम्ही त्या बावीस पुस्तकांना हात लावला नसता.

आमचे रिन्यूअल तीन महिन्यांवर आहे. तोवर आम्ही त्या सातपैकी एक पुस्तक पुन्हा वाचायला घेतले आहे. चार प्रकरणे झाली आहेत. आपल्याला एकच विनंती आहे. असा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा त्यात आणखी एक रकाना घाला: 'वाढलेल्या मर्यादा जुन्या ग्राहकांना लागू होतात का?' प्रत्येक कंपनीला हा प्रश्न विचारा आणि जे उत्तर येईल ते छापा.

आपली,
एक नियमित वाचक