वाडीवरच्या शाळेचा निर्णय वाडीला विचारून घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी आपल्या पहिल्या पानावर कोकण विभागाचे कौतुक असते, आणि ते रास्तच आहे. २०२४ मध्ये या विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के; दोन्ही वर्षी राज्यात सर्वाधिक. पण ही मुले पहिलीत कुठे बसली होती, हे त्या बातमीत कधी येत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खेड्यांत त्यांतली कितीतरी मुले वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत बसली होती. एक पडवी, दोन खोल्या, मागे पोषण आहाराची शेड आणि चार इयत्तांना मिळून एक किंवा दोन गुरुजी. त्या शाळांविषयी हे पत्र आहे. माझी मुलगी अशाच शाळेत शिकली आणि त्या काळात मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होते.

समिती म्हणजे काय, हे मला सदस्य होईपर्यंत नीट ठाऊक नव्हते, आणि बहुतेक पालकांना आजही नसते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला ही समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, आलेले अनुदान योग्य ठिकाणी खर्च होते का ते पाहणे आणि कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा करणे ही तिची कामे. आम्ही तो आराखडा मन लावून करायचो. मुतारीला पाणी, गळक्या कौलांची दुरुस्ती, एक जादा शिक्षक. आराखडा वर जायचा. त्यातल्या ज्या गोष्टी आमच्या हातात होत्या, त्या आम्ही करायचो. बाकीच्या पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पुन्हा लिहायचो.

हातात काय असते, ते आकड्यांत सांगते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. या १० हजारांत वर्षभराचे विजेचे बिल, खडू, रजिस्टरे, किरकोळ दुरुस्ती, शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी ठेवायचे. महिन्याला साडेआठशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि नियमातली धार पाहा. पट ३१ चा ३० झाला, म्हणजे एखाद्या आईबापांनी मुलाला घेऊन मुंबई गाठली, तर शाळेचे १५ हजार रुपये कमी होतात. छप्पर तेवढेच राहते, पाऊस तेवढाच पडतो, बिलही जवळपास तेवढेच येते. छोट्या शाळेचा खर्च मुलांच्या संख्येने ठरत नाही, इमारत चालू ठेवण्याने ठरतो, एवढी साधी गोष्ट या रचनेत कुठेच धरलेली नाही.

उरलेली तूट कोण भरते? आमच्याकडे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांचे मंडळ भरते. गणपतीला आलेले चाकरमानी शाळेत डोकावतात आणि पंखा, पाण्याची टाकी, कधी एखादी संपूर्ण खोलीसुद्धा देऊन जातात. कोकणातल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर अशा देणगीदारांच्या पाट्या आहेत. त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. पण ज्या वाडीचे मुंबईत मंडळ नाही, तिथल्या मुलांनी काय करायचे?

शिक्षकांचा प्रश्न याहून मोठा. कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत पट ६० पर्यंत असला तरी दोन शिक्षक हवेत. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणाऱ्या, शासन निर्णयाने २० पर्यंत पट असलेल्या शाळेत नियमित शिक्षक एकच ठेवला आणि दुसऱ्या जागी निवृत्त शिक्षक घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निर्णय आला की अशा शाळांत दरमहा १५ हजारांवर कंत्राटी शिक्षक नेमायचे. थोड्याच दिवसांत पटाची मर्यादा २० वरून १० वर आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती कंत्राटी नेमणूकच रद्द झाली. वर्षाच्या आत तीन-चार वेळा बदललेल्या या धोरणावर सहा वर्षांच्या मुलाची अक्षरओळख अवलंबून होती.

एकशिक्षकी शाळेचा दिवस कसा जातो, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगायला हवे. गुरुजी पहिलीला मुळाक्षरे देतात, तिसरीला पाढे देतात, चौथीचे गणित फळ्यावर मांडतात. मध्येच पोषण आहाराची नोंद मोबाईलवर भरायची, यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती, आधारची जुळणी, कुठल्या तरी उपक्रमाचे फोटो. तालुक्याला बैठक असली की त्या दिवशी शाळा कोणी सांभाळायची? शेजारच्या शाळेतून शिक्षक पाठवला तर तिकडे तोच प्रश्न उभा राहतो. शेवटी मुले अंगणवाडीताईंजवळ, नाहीतर महिना अडीच हजार मानधनावर जेवण शिजवणाऱ्या मदतनीस ताईंजवळ बसतात. या दोघींनी आजवर आमच्या मुलांना ज्या मायेने सांभाळले, ते कुठल्याही अहवालात येणार नाही. पण तो शिकण्याचा दिवस नव्हता, हेही खरे आहे. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामे देऊ नका म्हणते. पण ऑनलाइन नोंदींना कोणी अशैक्षणिक काम म्हणत नाही, म्हणून त्या मोजल्याही जात नाहीत.

आणि मग पट का कमी झाला, असे आम्हालाच विचारले जाते. जन्मदर कमी झाला, तरुण जोडपी शहरात गेली, हे आहेच. पण शाळेत एकच शिक्षक आहे हे कळल्यावर जो पालक व्हॅनचे पैसे देऊ शकतो, तो मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो. पट घटला म्हणून शिक्षक काढायचा आणि शिक्षक नाही म्हणून पट आणखी घटायचा. मागे राहतात ती ज्यांच्या घरी व्हॅनचे पैसे नाहीत त्यांची मुले.

२१ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने समूह शाळांचे, म्हणजे जवळच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात असल्याचे आकडे आले. त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले आणि २९ हजार ७०० च्या वर शिक्षक. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचा दाखला त्यासाठी दिला गेला. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, खेळाचे शिक्षक असतील, बरोबरीची मुले असतील, हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. चौथीत एकट्या असलेल्या मुलीला मैत्रीण हवी असते, हे मी घरात पाहिले आहे. जिथे रस्ता बारमाही आहे, गाडीची हमी आहे आणि पालकांनीच ठरवले, तिथे दोन शाळा एकत्र येऊ देत. पण आमच्याकडे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना मध्ये वहाळ म्हणजे ओढा असतो, त्यावर साकव म्हणजे छोटा पूल असतो, आणि जून ते सप्टेंबर त्या साकवावरून पहिलीतले मूल एकटे पाठवायला कोणाचे मन धजत नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असे नियमात आहे. ते अंतर नकाशावर मोजायचे की पायवाटेने, हे वाडीतल्या माणसांशिवाय कोण सांगणार?

आता माझा मुख्य मुद्दा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या त्या निवडून आलेल्या माणसांना लोक जाब विचारू शकतील म्हणून. पण मार्च २०२२ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गासह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. शिक्षण सभापती नाही, शिक्षण समिती नाही, आपल्या गटाचा, म्हणजे मतदारसंघाचा, सदस्यही नाही. समूह शाळांचे परिपत्रक, संच मान्यतेचे नवे निकष, कंत्राटी शिक्षकांचा निर्णय, हे सगळे याच काळातले. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो तर ते नाइलाजाने शासन निर्णयाकडे बोट दाखवायचे. त्यांना दोष देत नाही. पण ज्याला दोष देता येईल असा माणूसच त्या काळात जिल्ह्यात नव्हता.

समितीवर विश्वास टाकला तर काय होते, याचा पुरावा गणवेशाच्या प्रकरणात आहे. एका गणवेशाला ३०० याप्रमाणे दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीकडे यायचे. आम्ही मापे घ्यायचो, बाजारातल्या शिंप्याशी बोलायचो, कमी-जास्त झाले तर तो परत शिवून द्यायचा. २०२४-२५ मध्ये राज्याने कापडाची खरेदी एकत्रित केली. अर्धे वर्ष उलटले तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचले नाहीत, पोचले ते अनेकांना बसले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समित्यांकडे दिले. हा शहाणपणाचा निर्णय होता आणि त्याबद्दल शासनाचे आभार. गणवेशाच्या बाबतीत जे पटले ते शिक्षकांच्या आणि शाळा टिकवण्याच्या बाबतीत का पटू नये?

गुणवत्तेविषयी थोडेच लिहिते. वर्गात चार मुले असतात तेव्हा एक मूल वाचनात मागे पडले की शाळा ७५ टक्क्यांवर येते आणि तेच मूल दुसऱ्या शाळेत गेले की १०० वर जाते. अशा टक्केवारीने शाळांची तुलना करण्यापेक्षा आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचायला लावावे आणि काय आढळले ते पालकांना सांगावे. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेत राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाखांचे बक्षीस होते. जिंकलेल्या शाळांचे अभिनंदन, पण वर्षाला १० हजारांवर चालणारी एकशिक्षकी शाळा त्या शर्यतीत उतरूच शकत नव्हती.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक शाळेला पट कितीही असो, २५ हजारांचे किमान अनुदान मिळावे आणि पटानुसार वाढ त्यावर द्यावी. चार इयत्तांच्या शाळेत दोन शिक्षक असावेत, कारण कायदाच तसे म्हणतो, आणि ते दोघेही कायम असावेत. शाळा बंद करणे, जोडणे किंवा तिथला शिक्षक दुसरीकडे हलवणे, यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव घेणे बंधनकारक करावे, आणि ठराव विरोधात असेल तर तो डावलण्याचे कारण अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत येऊन सांगावे. निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्यांनी आपल्या गटातल्या समित्यांची वर्षातून दोनदा बैठक घ्यावी. त्याला एका पैशाचाही निधी लागत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. ३० सप्टेंबरचा पट धरून पुढच्या वर्षीचे शिक्षक ठरतात. त्याआधी, ऑगस्टमध्येच, प्रत्येक तालुक्यातल्या एकशिक्षकी आणि शून्यशिक्षकी शाळांची यादी गावाच्या नावासह छापावी. माहिती गटशिक्षणाधिकारी कार्यालयात मिळते, आणि न मिळाल्यास आमच्यासारखे पालक ती वाडीवाडीतून गोळा करून द्यायला तयार आहेत.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक माजी सदस्य, दक्षिण कोकण