साठ मीटरवरचा हिरवा कागद

दोना पावला, गोवा
एप्रिल

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा तुमचं जहाज मुरगावहून सुटेल. हे पत्र आलेपाकाच्या डब्याखाली ठेवतेय, पोटात ढवळायला लागलं की आपोआप हाती लागेल. काल जेवताना तू म्हणालीस, "साठ मीटर खोलीवर क्लोरोफिल सगळ्यात जास्त, म्हणजे वनस्पतीप्लवकांची, त्या तरंगत्या सूक्ष्म हिरव्या पेशींची, वाढही तिथेच सगळ्यात जास्त." घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. पहिल्या सफरीआधी तेवढं एकच तुला नीट सांगायचंय.

माझ्या पहिल्या सफरीत मीही अगदी हेच समजले होते, आणि त्याला कारण होतं. पहाटेच्या स्टेशनला, म्हणजे जहाज थांबवून मोजणी करायच्या जागी, सीटीडी (खोलीनुसार तापमान आणि खारटपणा मोजणारं यंत्र) वर आला, आणि त्याच्यावरच्या, हव्या त्या खोलीवर बंद करता येणाऱ्या निस्किन बाटल्यांतलं पाणी आम्ही गाळायला घेतलं. पृष्ठभागाचं चार लिटर पाणी गाळलं तरी गाळणकागद जवळजवळ पांढराच. साठ मीटरचं तेवढंच पाणी गाळलं आणि कागदावर स्पष्ट हिरवी झाक आली. डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर शंका कोण घेणार? इतकं ऊन वर असताना हिरवळ खाली, याचंच मला केवढं नवल वाटत होतं.

त्या नवलाचं कारण तुला ठाऊक आहे, तरी एकदा सांगते. एप्रिलमध्ये मध्य अरबी समुद्रावर वारा पडलेला असतो. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखं बसतं. या झाकणातलं नायट्रेट, म्हणजे प्लवकांचं खतच, प्लवकांनी केव्हाच संपवलेलं असतं. खाली ते भरपूर आहे, पण तिथे उजेड नाही. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच जिरतो, निळा सगळ्यात खोल जातो. अगदी स्वच्छ पाण्यातही दर पंधरा-वीस मीटरला उजेड निम्मा होत जातो, म्हणजे शंभर मीटरवर वरच्या उजेडाचा जेमतेम एक ते तीन टक्के उरतो. वरून उतरणारा उजेड आणि खालून झिरपणारं नायट्रेट जिथे कसेबसे भेटतात, तिथे तो हिरवा थर. आपल्याकडे या दिवसांत तो साधारण चाळीस ते सत्तर मीटरच्या दरम्यान सापडतो, हवाईजवळच्या अलोहा स्टेशनवर शंभर मीटरच्याही खाली.

आता मुद्दा. त्याच सफरीत आम्ही वाढही मोजत होतो. पद्धत जुनीच, स्टीमन नील्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने 'गालाथेआ' जहाजाच्या 1950-52च्या मोहिमेत वापरलेली: पाण्यात किरणोत्सारी कार्बन-14 घालायचा आणि पेशींनी तो किती उचलला ते बघायचं. सूर्योदयाआधी बाटल्या दोराला बांधून, ज्या खोलीचं पाणी त्याच खोलीवर सोडल्या, आणि सूर्यास्ताला ओढून घेतल्या. आकडे आले तेव्हा मी ते दोनदा खोडून पुन्हा मांडले. हिरवा कागद साठ मीटरचा, पण कार्बन जास्त उचलला होता दहा आणि वीस मीटरच्या बाटल्यांनी! साठची बाटली त्यांच्या बरीच मागे होती.

अंधाऱ्या पाण्यातली पेशी मिळेल तो प्रकाशकण पकडायला अंगात जास्त क्लोरोफिल भरून घेते. वरच्या पेशीला त्याची गरजच नसते. म्हणजे खाली पेशी फार जास्त आहेत असंही नाही, प्रत्येक पेशी जास्त हिरवी आहे. अलोहावर 1988 पासून जवळजवळ दर महिन्याला मोजणी चालू आहे, आणि तिथेही हेच दिसतं: क्लोरोफिलचं हिरवं शिखर खोल, उत्पादनाचा मोठा वाटा मात्र वरच्या थरांत. गल्ल्यात किती रक्कम आहे त्यावरून दिवसाची उलाढाल कळत नाही, तसंच हे. वर उलाढाल वेगाची असते, पण सूक्ष्म प्राणी वाढलेलं त्याच दिवशी खाऊन टाकतात, म्हणून शिल्लक दिसत नाही. त्यांच्या उत्सर्गातून सुटलेल्या अमोनियमवरच पुन्हा नवी वाढ होते. डगडेल आणि गोअरिंग या शास्त्रज्ञांनी 1967 साली हा भेद मांडला: वापरलेलंच पुन्हा वापरून होणारं उत्पादन वेगळं, आणि बाहेरून आलेल्या, म्हणजे खोलातून वर येणाऱ्या नायट्रेटवर होणारं नवं उत्पादन वेगळं. साठ मीटरचा थर सावकाश वाढतो, पण नव्या नायट्रेटला पहिला हात तोच लावतो. त्याला कमी लेखू नकोस.

अगदी पृष्ठभागाच्या बाटलीत दहा मीटरपेक्षा कमी आकडा आला तर दचकू नकोस. भर दुपारचा उजेड पेशींना सोसत नाही, हे खरं. पण माझं मत असं की त्यात बाटलीचाही दोष असतो. खुल्या पाण्यातली पेशी हेलकाव्यांबरोबर खालीवर होते, बाटलीतली दिवसभर उन्हात डांबलेली असते.

आणि त्या खोल पाण्यातले रहिवासी! प्रोक्लोरोकॉकस, व्यास 0.6 मायक्रॉनच्या आसपास, एका मिलिलिटरमध्ये लाखभरसुद्धा. पृथ्वीवर संख्येने सर्वांत जास्त असलेला हा प्रकाशसंश्लेषक जीव, आणि सॅली चिझम व रॉबर्ट ओल्सन यांच्या गटाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं ते 1988 साली, म्हणजे मी कॉलेजात असताना. त्याचे वरच्या उजेडाला सरावलेले प्रकार वेगळे आणि खालच्या निळ्या अंधाराला सरावलेले वेगळे. तुमच्या भागात तर त्याही खाली, ऑक्सिजन संपत आलेल्या पाण्यात, क्लोरोफिलचा दुसरा लहानसा उंचवटा दिसू शकतो. तो यांचाच. उपकरणाचा दोष समजून सोडून देऊ नकोस.

जूनमध्ये मान्सूनचा वारा सुटला की सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यांशी थंड पाणी वर येतं, झाकण मोडतं, आणि हिरवा रंग थेट पृष्ठभागावर चढतो. तेव्हा हे सगळं चित्र बदलतं. तुझी सफर मात्र शांत पाण्याची आहे.

एक चूक माझ्याकडून झाली ती तू करू नकोस. आमच्याकडे ठरलेल्या खोलींची यादी होती, आणि एका स्टेशनवर शिखर पन्नास आणि पंचाहत्तरच्या मधोमध असूनही मी यादीप्रमाणेच बाटल्या बंद केल्या. ते स्टेशन आजही मला सलतं. सीटीडी खाली जाताना फ्लुओरोमीटरचा, म्हणजे क्लोरोफिल टिपणाऱ्या उपकरणाचा, आलेख बघ, शिखर कुठे आहे ते टिपून ठेव, आणि वर येताना पुन्हा तपास. पाण्याच्या आतल्या लाटांनी तो थर तेवढ्या वेळात काही मीटर सरकलेला असतो. एक बाटली शिखरावर, एक त्याच्या वर, एक खाली.

आलीस की क्लोरोफिलचा आणि कार्बनचा, दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून आण. आणि साठ मीटरचा गाळणकागद फॉइलमध्ये गुंडाळण्याआधी मंद उजेडात क्षणभर पृष्ठभागाच्या कागदाशेजारी धरून बघ. क्षणभरच, जास्त उजेड त्याला चालत नाही.

तुझी,
आई